कळ काढा

"आजी, ही सायकलच्या ब्रेकची वायर कित्याक जपून ठेवलंस गो?"

सायलीने विचारलं तेव्हा मी माळ्यावरून काढलेल्या पत्र्याच्या डब्यापुढे फतकल मारून बसले होते. सायली माझ्या भावाची नात. ओरोसला सरकारी कचेरीत नोकरीला आहे, तिथेच क्वार्टर्समध्ये राहते आणि शनिवारच्या एसटीने माझ्याकडे मालवणात येते. मला मूलबाळ नाही, पण ह्या पोरीने ते जाणवू दिलं नाही, उलट कधीकधी जरा जास्तच आई होते माझी. या खेपेला तिच्या डोक्यात आलं की भिंतीवर आजोबांचा फोटो हवा. मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, नाही म्हणजे? मालवणातल्या अर्ध्या घरांच्या भिंतींवर त्यांनी काढलेली माणसं बसलेली आहेत आणि त्यांचा स्वतःचा एक फोटो नाही? मी पुन्हा म्हटलं, नाही. मग तिने माझं न ऐकता डबे काढायला घेतले. ऐकेल तर ती आमच्या घराण्यातली कसली.

मी वायर तिच्या हातातून घेतली. हातभर लांब, वर काळ्या सुताचं विणलेलं वेष्टण, जागोजाग उसवलेलं. एका टोकाला बारीक आट्यांची नळी, दुसऱ्या टोकाला दाबायची घुंडी. मी तिला म्हटलं, ब्रेकची वायर काय म्हणतेस बाई, ही कळ आहे. कॅमेऱ्याची कळ. तिने माझ्या हातातलीच घुंडी दाबून पाहिली. दुसऱ्या टोकाच्या भोकातून तांदळाच्या कणीएवढी सुई बाहेर आली, सोडल्यावर आत गेली. पोरीला गंमत वाटली, तिने चार वेळा दाबली. डब्यातून हायपोचा, फोटो धुवायच्या औषधाचा, आंबूस वास आला. तिला विचारलं तर ती म्हणाली, कसला वास, गंजाचा येतोय. असेल. मला मात्र हायपोचाच आला.

मी कुणकेश्वरची. लग्न होऊन मालवणात आले ती सत्तावन्न साली, एकोणिसाव्या वर्षी. नवरा फोटो काढतो असं सांगून स्थळ आलं तेव्हा आईने विचारलं होतं, ते ठीक, पण काम काय करतो? हे मला बघायला आले आणि सगळ्यांसमोर मलाच म्हणाले, मान जरा डावीकडे घ्या. मी घेतली. "हां, आता उजेड बरो पडलो," असं स्वतःशीच पुटपुटले आणि पोह्यांना लागले. मला त्या माणसाचा इतका राग आला होता की त्या रागातच मी होकार दिला.

दुकान बाजारात होतं. पुढे काउंटर, मागे लांबट खोली. खोलीच्या छपरात उत्तरेकडच्या बाजूला काचेची कौलं बसवलेली, त्यातून येणारा उजेड हीच आमची वीज. समोर रंगवलेला पडदा. त्यावर एक तळं, तळ्यात दोन राजहंस आणि बाजूला कुठेच न जाणारा एक जिना. एका राजहंसाची मान पेंटरने चुकून वाकडी काढली होती, त्याच्यापुढे हे नेहमी जाड माणूस बसवायचे. खुंटीवर एक काळा कोट असे. तो गिऱ्हाइकांसाठी. मालवणातल्या निम्म्या नवऱ्यांनी फोटोपुरता तो घातला असेल. पाठीत तो उभा उसवलेला होता, माणूस बारीक असला की मागून टाचण्या लावायच्या, जाड असला की तसाच उघडा सोडायचा, पुढून साहेब. त्या कोटाला अत्तराचा, घामाचा आणि डांबरगोळ्यांचा मिळून जो वास होता, तो मी आजही डोळे मिटून ओळखीन.

लोक ह्यांना फोटोमास्तर म्हणत आणि मला मास्तरीण. थंडी सरता सरता ख्रिस्तावांची लग्नं व्हायची, त्यांचे पांढरेशुभ्र झगे सांभाळत वऱ्हाडं यायची. मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी. चतुर्थीला अख्खी घरं, कडेवरच्या पोरापासून काठी टेकणाऱ्या म्हातारीपर्यंत. नारळी पौर्णिमा झाली की बोटीवर जाणारे खलाशी, आईसाठी एक फोटो मागे ठेवून जाणारे. ती पोरं कॅमेऱ्यापुढे इतकी ताठ बसत की ह्यांना वाटे, समुद्राला कधी भीत नसतील एवढी ह्या भिंगाला भितात.

पावसाळी दिवसांत काचेच्या कौलांतून उजेड येऊन येऊन किती येणार? एकेका फोटोला तीन-तीन सेकंद भिंग उघडं ठेवावं लागे. तेवढा वेळ कुणी हलायचं नाही, पापणी मिटायची नाही. दुसरे फोटोग्राफर रेडी म्हणत, इकडे बघा म्हणत. हे म्हणायचे, "कळ काढा." हळू म्हणायचे, आजारी माणसाला धीर देतात त्या आवाजात. आणि माणसं कळ काढायची. रडणारं पोरसुद्धा थांबायचं. मग भिंग मिटलं की हे म्हणायचे, "झालं," आणि सगळी खोली एकदम श्वास सोडायची. मी आतल्या अंधाऱ्या खोलीत काचेच्या प्लेटा धूत असायची. मलाही तिथे श्वास धरायची सवय लागली होती, काही कारण नसताना.

मग कपबशी वाजायला लागली.

लग्नानंतरचा दुसरा पावसाळा. हे चहा घेत होते आणि बशीवर कप किणकिणत होता. मी म्हटलं, थंडी वाजते का? म्हणाले, नाही. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट, दोन्ही आपोआप हलत होती, विडी वळल्यासारखी. मी हसले. देवाशपथ सांगते, मी हसले, कारण मला ते मजेशीर दिसलं. त्या हसण्याची आठवण झाली की अजून अंगावर काटा येतो.

तेव्हा कळ नव्हती. भिंगाच्या बाजूलाच एक खटका होता, तो बोटाने दाबायचा. बोट हललं की कॅमेरा हलायचा, कॅमेरा हलला की माणूस हलायचा. एका नवरीच्या नाकात दोन नथी आल्या. एका सावकाराला चार डोळे. लोक फोटो परत आणायला लागले. बाजारात बोलणं सुरू झालं की मास्तर सकाळीच लावून येतात. माझा नवरा आयुष्यात कधी ताडीच्या झाडाखालून गेला नव्हता, पण हात कापतो म्हणजे दारू, एवढंच लोकांना ठाऊक. मी देवीला कौल लावला. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, पाकळी उजव्या बाजूची पडली, म्हणजे देवीने हो म्हटलं. मी घरी आनंदाने आले. हात कापतच होता. नंतर कधी मी कौल लावला नाही, देवीला खोटं पाडायला मला आवडेना.

आमच्या मागच्या घरात मिंगेल राहायचा. बोटीवर कुक होता, वर्ष-दीड वर्षाने घरी यायचा तेव्हा साबण, बिस्किटांचे डबे, कसल्याकसल्या बाटल्या घेऊन. ह्यांच्या बरोबरीचा, लहानपणचा सवंगडी. ह्यांचा हात त्याने काउंटरवर पाहिला. पुढच्या खेपेला आला तेव्हा त्याने एडनहून आणलेलं एक पुडकं काउंटरवर ठेवलं. आत ही वायर. तिथल्या दुकानदाराला त्याने हात कापून दाखवला होता म्हणे, आणि मग हातवारे करून फोटो काढून दाखवला होता. एक टोक भिंगाच्या भोकात आट्यांनी बसवायचं, दुसरं हातात धरायचं.

"मास्तर, आता हात हललो तरी कॅमेरो हलूचो नाय," तो म्हणाला.

पहिला फोटो त्याचाच काढला. हे आत गेले, मी लाल दिव्याखाली शेजारी उभी राहिले. कागदावर मिंगेल वर आला. एकच मिंगेल. कोटाच्या बटणाची चार भोकंसुद्धा मोजता येत होती. ह्यांनी तो ओला फोटो माझ्या हातात दिला आणि पाठ फिरवून उभे राहिले. मी काही पाहिलं नाही असं दाखवत राहिले. त्या दिवसापासून त्या वायरचं नाव आमच्या घरात कळ. रोज दुकान बंद करताना हे ती फडक्याने पुसून गुंडाळून खिशात घालून घरी आणत, दागिना आणावा तशी.

तीन-चार वर्षं बरी गेली. लोकांच्या तोंडचं लावून येणं बंद झालं. फार मोठं सुख होतं ते, आता कळतं. तेव्हा आम्ही ते बांगड्याच्या भावावर भांडण्यात घालवलं.

मग अंगठाच ऐकेना. कापण्याचं दुःख नव्हतं, कळ ते झेलत होती. पण ह्यांच्या मनात दाबायचं आलं तरी अंगठा दाबायचा नाही, आणि मध्येच भलत्या वेळी दाबायचा. एका लग्नघराचा ग्रुप होता, पंधरा-सोळा माणसं. हे म्हणाले, कळ काढा. सगळ्यांनी श्वास धरला. अंगठा हलेना. पुढच्या खुर्चीवरचे आजोबा श्वास कोंडून जांभळे व्हायला आले. मी बायकांचे पदर सारखे करून नुकतीच कॅमेऱ्यामागे आले होते. काळ्या कापडाखालून हात घातला, ह्यांच्या मुठीतून घुंडी काढून घेतली आणि दाबली. हे म्हणाले, झालं. मी सोडली. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. दुपारी जेवताना ह्यांनी भात पुन्हा मागून घेतला आणि हात धुताना म्हणाले, उद्यापासून कॅमेऱ्यामागेच थांबत जा.

तेव्हापासून हे कॅमेऱ्याच्या बाजूला उभे, आणि मी मागे काळ्या कापडाशी. लोकांना सांगितलेलं, बायकांचे पदर नीट करायला मास्तरीण असते. हे म्हणायचे, कळ काढा. गिऱ्हाइकाला वाटायचं, आपल्याला म्हणाले, थांबा. पण ते मला असायचं. त्या शब्दावर मी घुंडी दाबायची आणि झालं म्हटलं की सोडायची. त्यांचे शब्द, माझा अंगठा. कुणाला सुगावा लागला असता तर दुकान त्याच दिवशी संपलं असतं. बायको फोटो काढते आणि नवरा नुसता बोलतो, असल्या दुकानात तेव्हा कोण आलं असतं? आणि खरं सांगायचं तर दुकानापेक्षा ह्यांची मान खाली गेली असती, ते मला बघवलं नसतं. म्हणून शब्द आल्याशिवाय मी कधी दाबली नाही. एकदाही नाही. इतकी शिस्त मला कुणी लावली होती कोण जाणे.

चौसष्टच्या सुमाराला ह्यांना बेळगावला मोठ्या डॉक्टरकडे नेलं. तपासून झाल्यावर हे बाहेर बसले आणि डॉक्टरांनी मला आत थांबवलं. अगदी सभ्य माणूस. म्हणाले, "बाई, हात गेला, आता पाय जड होतील. पण तुम्हाला सांगून ठेवतो, पुढे चेहरा जाईल. तो आखडतो. हे हसतील, पण आतल्या आत. बाहेर दिसायचं नाही."

मी विचारलं, कधी? ते म्हणाले, वर्ष, दोन वर्षं, सांगता येत नाही. औषध? त्यांनी चष्मा काढून पुसला. बाहेर आले तर हे मला बघून हसले, काय म्हणाला डॉक्टर? मी म्हटलं, शक्तीचं औषध दिलंय. येताना अख्ख्या प्रवासात मी ह्यांच्या तोंडाकडे बघत होते. हसताना ह्यांचा डावा गाल आधी वर जायचा, मग उजवा, मग डोळे बारीक व्हायचे आणि शेवटी तो पुढचा जरासा तिरका दात दिसायचा. सात वर्षं रोज पाहिलं होतं, पण असं मोजून कधी पाहिलं नव्हतं.

घरी आले ती एकच ध्यास घेऊन. ह्यांचा फोटो काढायचा. चेहरा आहे तोवर, हसतानाचा.

तुम्ही म्हणाल, त्यात काय अवघड? कॅमेरा घरचा, कळ हातात. मीही तसंच म्हटलं होतं. हे ऐकेनात. मी डॉक्टरांचं सांगू शकत नव्हते आणि दुसरं कारण काय द्यायचं ते सुचत नव्हतं. हे म्हणाले, "एकट्या बाप्याचो फोटो कित्याक? हार घालूक?" मी तोंडावर हात ठेवला त्यांच्या. पण त्यांचंही चूक नव्हतं. आमच्या दुकानात एकट्या बाप्याचे मोठे फोटो कशासाठी होत? नवीन विधवा झालेली बाई एखादा जुना ग्रुप पदराखालून आणायची आणि म्हणायची, मास्तर, ह्यातून एवढा माणूस काढून द्या. हे तो माणूस ग्रुपातून वेगळा काढून मोठा करून द्यायचे. असली वीसेक वर्षं काढलेल्या माणसाला एकट्याने कॅमेऱ्यापुढे बसायचं म्हटलं की ते नकोच वाटायचं. म्हणाले, काढायचा तर दोघांचा.

दोघांचा काढायचा तर दाबणार कोण? कळ हातभर, ती काही खुर्चीपर्यंत पोचत नव्हती. बाहेरच्या कुणाला बोलवायचं तर त्याला शिकवायला हवं, शिकवायचं तर सांगायला हवं. कुडाळच्या, सावंतवाडीच्या फोटोग्राफरकडे गेलो असतो तर संध्याकाळपर्यंत बाजारभर झालं असतं की फोटोमास्तरच दुसऱ्याकडे फोटो काढून घेतात. ज्याला सगळं ठाऊक होतं असा माणूस एकच, मिंगेल. आणि मिंगेल कुठल्या समुद्रावर होता, ते त्याच्या आईलाही ठाऊक नव्हतं.

एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. गिऱ्हाइक बसलं की पडदा सरळ करायला हे स्वतः कॅमेऱ्यापुढे जायचे. दिवसातून चार-पाच वेळा. पोरांना हसवायला तिथे उभे राहून हसायचेसुद्धा. भिंग समोर, प्लेट आत, घुंडी माझ्या हातात. नुसता अंगठा दाबायचा होता. पण कळ काढा हा शब्द यायचा बाकी असायचा, आणि शब्दाशिवाय माझा अंगठा हलत नसे.

एका दुपारी मी जेवणाचा डबा घेऊन दुकानात गेले. हे आतल्या खोलीत, गिऱ्हाइकांच्या आरशासमोर उभे होते. दोन्ही हातांची बोटं ओठांच्या कडांना लावून वर उचलत होते. बोटं कापत होती, त्यामुळे ओठही हलत होते. सोडलं की ओठ खाली. पुन्हा उचलत होते. मी डबा काउंटरवर ठेवला आणि मुद्दाम मोठ्याने खोकून आत गेले. म्हणजे डॉक्टरांनी मला एकटीला सांगितलेलं ह्यांना आरशाने कधीच सांगितलं होतं. आम्ही दोघं एकमेकांपासून तीच एक गोष्ट लपवत होतो. मी डबा उघडला, सोलकढी वाटीत ओतली. हे म्हणाले, वायच मीठ कमी आसा. मी मीठ आणलं.

मिंगेल आला तो श्रावणात, सहासष्ट साली, पंधरा दिवसांच्या रजेवर. त्यातले तेरा दिवस पावसाने असा अंधार केला की दिवसा कंदील लावावा. हे रोज कौलांकडे बघत आणि म्हणत, आज नको, उद्या बघू. आणखी एक गोष्ट म्हणजे प्लेटा. बाहेरून माल येणं कमी झालं होतं, मुंबईचं पार्सल महिना-महिना येत नसे, आणि चांगल्या पुडक्यातली एकच प्लेट उरली होती. ती मी तेवढ्यासाठीच बाजूला ठेवली होती. मिंगेलची रजा संपायला एक दिवस उरला, दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने तो मुंबईला जाणार होता. त्या दिवशी दुपारी जरा उघडलं.

मी लग्नातला शालू नेसले. ह्यांनी खुंटीवरचा तो कोट घातला. मी मागून टाचण्या लावल्या, चार लागल्या, इतके बारीक झाले होते हे. मिंगेलला बाहेरचं दार लावून घ्यायला सांगितलं. कॅमेरा मी लावला, भिंग मी जुळवलं. हे खुर्चीवर बसून मिंगेलला समजावत होते. ही कळ. मी दाब म्हटलं की दाबायची. झालं म्हणेपर्यंत सोडायची नाही. आभाळ आहे, चार सेकंद लागतील. मिंगेल मान हलवत होता. बोटीवर कप्तानाचं ऐकण्यात ज्याचा जन्म गेला तो माणूस, त्याने प्रत्येक शब्द गाठी बांधला.

मी ह्यांच्या शेजारी बसले. ह्यांचा उजवा हात माझ्या मांडीवर घेतला, वर पदर ओढला आणि खालून दोन्ही हातांनी गच्च धरला. पदराखाली हात पकडलेल्या पाखरासारखा फडफडत होता. मी कानाशी म्हटलं, हसा. आणि हे हसले. थोडंच, डावा गाल आधी. होतं अजून. मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, होतं.

"दाब," हे म्हणाले.

खट्कन भिंग उघडलं. एक. दोन. आणि हाताने एक उसळी घेतली. माझ्या मुठीतून जवळजवळ सुटलाच. हे ओठ फारसे न हलवता, त्या जुन्या हळू आवाजात म्हणाले, "कळ काढ." मला म्हणाले की त्या हाताला म्हणाले, मला आजवर कळलं नाही.

पण ऐकलं मिंगेलने. मिंगेलच्या घरात ख्रिस्तावांची कोकणी, तिथे 'राव' म्हणत. थांब म्हणजे राव. कळ काढणं हे आमचं बोलणं, त्याच्या घरात ते कुणी बोलत नव्हतं, आणि फोटो काढताना हे काय म्हणतात ते एकदा, स्वतःच्या फोटोच्या वेळी कानावर पडलं असेल तेवढंच, तो मालवणात असायचाच किती? त्याला एवढंच सांगितलेलं, ही कळ. आता मास्तर म्हणाले, कळ काढ. त्याने काढली. झालं कुणी म्हटलं नव्हतं म्हणून बिचाऱ्याने घुंडीवरचा अंगठा तसाच दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने भिंगाजवळचे आटे फिरवायला लागला. कॅमेरा स्टँडवर डुगडुगत होता. मला ते दिसत होतं. मी ओरडले असते तर मी हलले असते. म्हणून मी हललेही नाही आणि ओरडलेही नाही, नुसती बघत बसले. आटे सुटले, भिंग मिटलं, आणि मिंगेल सुटी वायर हातात घेऊन, आज्ञा पाळल्याच्या समाधानात आमच्याकडे वळला.

"काढलंय, मास्तर."

पुढे तो जिता होता तोवर माझ्याकडे बघताना त्याची नजर खाली जायची. 'राव' म्हटलं असतं तर थांबलो असतो, एवढंच पुन्हापुन्हा म्हणायचा. मी त्याला कधी दोष दिला नाही. कुणाला द्यायचा? दीड वर्षाने तो परत आला तेव्हा ह्यांचा चेहरा लाकडाचा झाला होता. मिंगेल समोर बसून बोटीवरच्या गमती सांगायचा, हे टक लावून बघायचे, आणि अनोळखी माणसाला वाटलं असतं, ह्यांना मिंगेलचा राग आला आहे. दुकान आम्ही त्याच वर्षी बंद केलं. त्यानंतरही हे सात वर्षं होते. सात वर्षं मी डोळ्यांवरून ओळखायची, हे आता हसले.

सायलीने डब्याच्या तळातून तो फोटो काढलाच. जिलेटिनच्या कागदात गुंडाळलेला. उजेडात धरून म्हणाली, ह्यात तर काहीच दिसत नाही गो. खरं आहे. दोन माणसांची चार माणसं झाली आहेत, दोन राजहंसांचे चार, जिन्याला पायऱ्याच पायऱ्या. माझं तोंड ह्यांच्या तोंडात गेलं आहे. ती म्हणाली, आजकाल मोबाईलवर असले फोटो साफ होतात. तिने त्यावर मोबाईल धरून काय काय केलं, शेवटी एक कुणीतरी गुळगुळीत माणूस तयार झाला. मी म्हटलं, हा कोण? तिने तो पुसून टाकला. मग माझ्याजवळ सरकून बसली आणि विचारलं, आजोबा हसायचे कसे, ते तरी सांग.

सांगते म्हटलं.

त्या दुपारी मिंगेल बाहेर पायरीवर डोकं धरून बसला होता. आम्ही दोघं आत, लाल दिव्याखाली. कळ मी मिंगेलच्या हातातून घेऊन गळ्यात अडकवली होती. प्लेट धुतली, वाळवली आणि कागद ट्रेमध्ये सोडला. हे स्टुलावर बसून वाकून बघत होते. मला ठाऊक होतं काय येणार ते, तरी मी बघत होते. आधी राजहंस आले, चार. मग कोट आला, शालू आला, सगळं थरथरत वर आलं. आता प्लेट नाही, उद्या मिंगेल नाही, आणि हा चेहरा किती दिवसांचा ते कुणी सांगत नाही. हे मात्र वाकून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले,

"बघ गो. आता कोणाक कळूचा नाय, हात कोणाचो कापता तो."

आणि हसले. डावा गाल आधी वर गेला, मग उजवा, डोळे बारीक झाले, तो तिरका दात दिसला. पूर्ण हसले, आवाज करून हसले, स्टूल हलेपर्यंत. इतकं स्वच्छ हसणं मी लग्नापासून पाहिलं नव्हतं आणि नंतर तर नाहीच. माझ्यापासून हातभर अंतरावर. कॅमेरा भिंतीपलीकडे, रिकामा. शब्द आला नव्हता, तरी त्या दिवशी पहिल्यांदा माझा अंगठा आपणहून हलला. गळ्यातल्या कळेची घुंडी मी दाबली, आणि दुसऱ्या टोकाची सुई बाहेर आली, नुसती हवेत. मी दाबूनच ठेवली. हे झालं म्हणतील म्हणून वाट बघत राहिले. ते हसण्यात विसरले.

एवढं सांगून मी थांबले. सायलीने माझा हात हातात घेतला आणि कळेवरची मूठ हळूच सोडवायला लागली.

"आजी, अंगठो सोड गो आता," ती म्हणाली. "पांढरो पडलो बघ."